डावी कळी

धरमतर ते गेटवे हे अंतर क्रांती घरतनं गेल्या डिसेंबरात नऊ तास अकरा मिनिटांत पोहून पार केलं. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेची खूण, मागे कबड्डीची तेरा वर्षं, पोलीस खात्यात नोकरी. तिच्या सोबतच्या होडीत मी बसलो होतो. दर अर्ध्या तासानं लांब काठीला बांधलेल्या पेल्यातून तिला साखर-मिठाचं पाणी द्यायचं आणि तिचा हात होडीला लागणार नाही हे बघायचं, एवढंच माझं काम. हात लागला तर सगळं बाद, असा नियम आहे. नऊ तास माझ्यापासून काठीभर अंतरावर एक बाई पाणी कापत होती, आणि तिच्या जवळ जायची मला मनाई होती. मला ते सोयीचं वाटलं.

गेटवेच्या पायऱ्यांवर ती चढली तेव्हा तिला नीट उभं राहता येत नव्हतं. गावच्या एका मुलाचं यूट्यूब चॅनल आहे, तो मोबाईल घेऊन पुढे झाला. "मॅडम, श्रेय कुणाला द्याल?" तिचे ओठ खाऱ्या पाण्यानं सुजले होते. ती म्हणाली, "विठूदादांना. बारा वर्षांची होते तेव्हा त्यांनी मला मैदानात ओढलं. नाहीतर खेळ म्हणजे काय तेच कळलं नसतं."

मी मान खाली घातली. बघणाऱ्यांना तो विनय वाटला.

आमचं गाव थळच्या उत्तरेला, खाडीला लागून. खतकारखान्याची चिमणी शेतातून दिसते. गावाची भातशेती खारजमिनीची, म्हणजे समुद्राकडून बांध घालून राखलेली. बांधाला एक लाकडी दार असतं. भरतीच्या दाबानं ते आपोआप लागतं, ओहोटीला उघडतं. शेतातलं पाणी बाहेर जातं, खारं आत येत नाही. त्या दाराला आमच्याकडे उघाडी म्हणतात. उघाडीवर लक्ष ठेवायचं काम क्रांतीच्या वडिलांकडे, दत्तात्रेय घरतांकडे होतं. सारं गाव त्यांना दत्तूकाका म्हणे. दाराच्या फटीत काटक्या अडकल्या, खेकड्यांनी भोकं पाडली, की ते कंबरभर पाण्यात उतरून साफ करत. पोर सोबत असे. सहाव्या वर्षी ती पोहायला लागली. आठव्या वर्षी तिनं एक खेळ शोधला. ओहोटीला उघाडीतून पाण्याचा लोंढा सुटतो, त्याच्या तोंडाशी उलट पोहायचं. पुढे जाता येत नाही, मागेही जायचं नाही. ती एकाच जागी अर्धा-अर्धा तास पोहत राहायची आणि काका बांधावर बसून विडी ओढायचे. "कुठं पोचली गं?" ते विचारायचे. ती म्हणायची, "अलिबाग गेलं, आप्पा."

मी गावच्या गुरवाचा मुलगा. गावदेवीची पूजा आमच्या घरात. हायस्कुलात मी पीटी शिकवायचो आणि संध्याकाळी मुलींचा कबड्डी संघ घ्यायचो. सात मुली जमवताना माझी दमछाक व्हायची. क्रांतीला मी आणलं ते आठवी कुणी मिळेना म्हणून, राखीव. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणायला लावलं. बाकीच्या वीस, पंचवीस सेकंदांत गळाल्या. क्रांती म्हणतच राहिली. मी घड्याळ बघितलं, परत बघितलं. एक मिनिट वीस सेकंद. मग ती थांबली आणि म्हणाली, "अजून म्हणू?"

चढाईला तीस सेकंद असतात. समोरच्या मुली तिला शेवटच्या पाच सेकंदांत धरायला टपायच्या, कारण तेव्हा दम तुटतो, पाय घाई करतात. तिचे पाय शेवटच्या पाच सेकंदांत सुरू व्हायचे. पंधराव्या वर्षी ती जिल्ह्यातली सर्वांत चांगली चढाईपटू होती आणि त्याच वर्षी सिंधुदुर्गात समुद्रातल्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत तिचा दुसरा नंबर आला. पुढच्या वर्षी पहिला. दोन्ही खेळ तिला सारखेच लागायचे. एकदा सकाळी रेवसला पोहण्याची शर्यत आणि दुपारी पेणजवळ सामना होता. ती अंघोळ न करताच मैदानात आली. तिला धरणाऱ्यांचे हात घसरायला लागले. समोरच्या संघाच्या कॅप्टननं पंचांकडे तक्रार केली, हिनं अंगाला तेल लावलंय. पंच म्हातारे, आमच्याच भागातले. त्यांनी तिच्या दंडावरून बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं आणि म्हणाले, "तेल न्हाय गो बाय. खाडी हाय."

ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत. मीही सांगतो, हसतो. त्या दिवसापर्यंत मी निर्दोष होतो, म्हणून मला ती सांगायला आवडते.

दोन हजार आठ संपता संपता पत्र आलं. परराज्यातलं एक क्रीडा केंद्र, पोहण्यासाठी निवड, राहणं-जेवण-शिक्षण त्यांचं. एकोणीस जानेवारीपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. आमची जिल्हा अजिंक्यपदाची अंतिम फेरी चोवीस जानेवारीला होती. जो संघ जिंकेल त्याच्या प्रशिक्षकाला राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ मिळतो, असा रिवाज. मी सत्तावीस वर्षांचा होतो. तासिकेवर पीटी शिकवणारा, घंटा वाजवून प्रसाद वाटणारा माणूस. जिल्ह्याचा प्रशिक्षक हे शब्द मी मनात इतक्या वेळा म्हटले होते की ते माझ्या नावाचाच भाग वाटायला लागले होते.

पत्र वाचायला मला घरी बोलावलं. काका ओट्यावर, काशीकाकी दारात, क्रांती खांबाला टेकून.

"येवढ्या लांब?" काकी म्हणाल्या. "तिथं हिला खायला काय देतील? पाव नि बटाटा?"

"आये, तिथलं पाणी निळं आहे. फोटो पाठवलाय बघ. तळ दिसतो."

"तळ दिसला म्हंजे पाणी चांगलं झालं व्हय?" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "विठू, तू मास्तर. तू सांग. पाठवू का?"

क्रांती माझ्याकडे बघत होती. तिला माझ्यावर भरवसा होता. 'पाठवा' म्हणायला मला किती वेळ लागला असता?

"मी काय सांगू काका," मी म्हणालो. "देवीला विचारा."

ते म्हणताना माझ्या मनात काही नव्हतं. असं मी स्वतःला सांगत आलो आहे.

आमच्याकडे घर बांधायचं, होडी घ्यायची, मुलीचं ठरवायचं, तर आधी देवीला कौल लावतात. गाऱ्हाणं घालायचं, मग तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग त्यावर कुणी बोलत नाही. बापानं एकदा कौल घेतला की मुलगी, मुलगा, आई, सगळे गप्प. माणसांचं भांडण मिटवायला याच्यासारखी दुसरी सोय नाही. कळ्या लावायचं काम गुरवाचं. त्या आठवड्यात माझे वडील तापानं पडले होते. मंगळवारी सकाळी कळ्या मी लावल्या.

गुरवाच्या मुलाला काही गोष्टी न शिकवता येतात. कळीला देठ ठेवला तर ती जड होते. देवीच्या उजव्या खांद्यावर दगड जरा खरखरीत आहे, तिथं अंगठ्यानं दाबली तर कळी तासभर हलत नाही. उजव्या कळीचा देठ मी खुडला, डावीचा ठेवला. नखाएवढा देठ. काका मागे हात जोडून उभे होते. "आई, पोरीला पाठवू का? तू सांगशील तसं," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. क्रांती बाहेर पायरीवर उभी होती, ओले केस पाठीवर. पहाटे उघाडीवर जाऊन आली होती.

वीस मिनिटांत डावी पडली. मी घंटा वाजवली.

"न्हाय म्हनली," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं नाही. मी तांब्या उचलत होतो.

क्रांती म्हणाली, "बरं."

चोवीस तारखेची अंतिम फेरी आम्ही चार गुणांनी जिंकलो. आमच्या गुणांतले चौदा एकट्या तिचे. शेवटच्या चढाईत ती मध्यरेषेजवळ पोचली तेव्हा तिच्या अंगावर तीन मुली होत्या आणि एक हात मोकळा होता. त्या हाताच्या बोटांनी तिनं रेषा ओलांडली. मला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली गेली. फोटोत मी तोंड उघडून ओरडतो आहे. क्रांती कडेला बसून बुटाची नाडी सोडते आहे.

मी जिल्ह्याचा प्रशिक्षक झालो. ती पुढे दोनदा राष्ट्रीय स्पर्धा खेळली, जिल्ह्याची कॅप्टन झाली, एकविसाव्या वर्षी खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागली. हे सगळं मी मोजत बसायचो. तिथं गेली असती तर काय झालं असतं कुणी सांगावं? पोहून आपल्याकडे कुणाचं भलं झालंय? देवीला तिला पाठवायचंच असतं तर तिनं डावी कळी धरून ठेवली असती की! अशा वाक्यांवर मी बरीच वर्षं काढली. ती वाक्यं चांगली होती. फक्त ती दर काही महिन्यांनी नव्यानं म्हणावी लागायची.

पोहणं तिनं सोडलं. कौलाच्या दिवसानंतर ती उघाडीवर गेली नाही. आणि घरात वडिलांशी बोलणं संपलं. भांडण असं नव्हतं. "आप्पा, जेवा." "आप्पा, गोळी घेतली का?" एवढंच. वर्षांमागून वर्षं एवढंच. काका बांधावर एकटे बसायचे. लोंढा सुटायचा आणि त्याच्या तोंडाशी कुणी नसायचं.

एकदा माणगावहून सामना खेळून आम्ही एसटीनं परत येत होतो. ती माझ्या शेजारच्या सीटवर होती. मी विचारलं, "काकांशी बोलत का नाहीस गं?"

"पाठवायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी ऐकलं असतं. भांडले असते, मग ऐकलं असतं. देवीच्या मागे कशाला लपले? बाप ना ते?"

मी खिडकीबाहेर बघितलं. तेव्हा सांगता आलं असतं. वडखळपर्यंत दोन तास होते.

दत्तूकाका दरवर्षी चैत्रातल्या जत्रेला नारळ घेऊन यायचे. गर्दी सरली की माझ्याजवळ येऊन हळूच विचारायचे, "विठू, पोरीचं बरंच झालं ना रं?" मी म्हणायचो, "देवीनं सांगितलं ते बरंच, काका." मग ते मान हलवायचे, पण त्यांचं समाधान झालेलं नसायचं. पुढच्या जत्रेला परत तेच. मला वाटायचं, म्हातारा विसरतो.

दोन हजार अठरात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अलिबागला दवाखान्यात ठेवलं. क्रांती गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून उठून नुकती कामावर हजर झाली होती, तिची ड्युटी संपायला अवकाश होता. दुपारी त्यांच्याजवळ मी एकटा होतो. त्यांनी नाकातली नळी बाजूला केली. "विठू, पोरीचं बरंच झालं ना?"

त्या खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तो माणूस चार दिवसांत जाणार हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. माझं काय गेलं असतं?

"बरंच झालं, काका," मी म्हणालो. "देवीनं सांगितलं."

डाव्या कळीपेक्षा हे मोठं पाप आहे. पहिल्या वेळी मला काहीतरी मिळवायचं होतं. दुसऱ्या वेळी फक्त सवय होती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी क्रांती उघाडीवर गेली आणि पाण्यात उतरली. नऊ वर्षांनी. गुडघ्यानं कबड्डी संपवली होती, पाण्यात गुडघा दुखत नव्हता. ड्युटीच्या आधी रोज दोन तास. पुढे खाडीतून मांडव्यापर्यंत, मग रेवसपर्यंत. मांडव्याच्या जेट्टीवर कॅटामरानला थांबलेली मुंबईची माणसं तिचे व्हिडीओ काढायची. प्रौढ पोहणाऱ्यांच्या राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धेत तिला सुवर्ण मिळालं. आणि धरमतरचं ठरलं तेव्हा तिनं मला होडीत बसायला सांगितलं.

जानेवारीत चांगदेव पाटील घरी आले. गावच्या कबड्डी स्पर्धेच्या कमिटीचे ते अध्यक्ष. "विठू, यंदा क्रांतीचा सत्कार. नि तुझा पण. गुरू-शिष्य एकाच मांडवात!"

"माझा नको, चांगदेवभाऊ."

"अरे, फ्लेक्स छापायला गेला. तुझा फोटो तिच्याएवढाच टाकलाय."

"खरंच नको."

"नवरदेवासारखा लाजू नको. तिनंच सांगितलंय, दादा नसेल तर मी बी येत न्हाय."

ते गेल्यावर मी वडिलांच्या जुन्या खुर्चीत बसून राहिलो. तिच्या हातून शाल घेणं मला जमणार नव्हतं. एवढंच मला नक्की कळत होतं. ते धैर्य नव्हतं. ओझं खाली ठेवायची घाई होती.

रविवारी सकाळी आठ वाजता मी उघाडीवर गेलो. ओहोटी लागली होती. ती पाण्याबाहेर येऊन टॉवेलनं केस पुसत होती.

"दादा, तुम्ही इथं? आज शाळा नाही म्हणून व्यायाम की काय?"

"क्रांती, तुझा कौल मी पाडला."

"कुठला?"

"सोळा वर्षांपूर्वीचा. पोहायला पाठवायचं की नाही तो. डावी कळी पडावी असंच मी लावलं होतं."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं टॉवेल खाली केला. "कसं?" ती म्हणाली. हरलेल्या सामन्यानंतर ती मला असंच विचारायची. मी सांगितलं. खरखरीत दगड, अंगठा, देठ.

"केवढा देठ?"

मी करंगळीचं नख दाखवलं. ती त्या नखाकडे बघत राहिली.

"फायनलसाठी?"

"हो. मला जिल्ह्याचा कोच व्हायचं होतं."

"झालास."

"झालो."

"आप्पांना ठाऊक होतं?"

"नाही."

"दवाखान्यात त्या दुपारी तू होतास. ते काही बोलले?"

"विचारलं. पोरीचं बरं झालं ना म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, देवीनं सांगितलं ते बरंच."

ती बांधावर बसली. बराच वेळ पाणी उघाडीतून बाहेर पडत राहिलं. "मी त्या माणसाशी नऊ वर्षं..." ती म्हणाली. मग उठली. ओल्या कपड्यांवरच तिनं जर्किन घातलं. "चल. आईला सांग."

"आत्ता?"

"विठोबा, चल." दादा म्हणणं तिनं तिथंच बांधावर सोडलं. त्यानंतर आजवर म्हटलेलं नाही.

काशीकाकी अंगणात सुपात जवळा निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांचा हात सुपात थांबला नाही. मला वाटलं, ऐकू आलं नसावं.

"काकी..."

"आयकलं रं," त्या म्हणाल्या. जवळ्यातून एक शिंपलीचा तुकडा काढून त्यांनी बाजूला टाकला. "त्या दिवशी देवळातून घरी आले नं, तर हितंच पायरीवर बसून रडले. मी म्हनलं, आता रडताव कशाला, देवीनं सांगितलं ना? तर म्हनले, काशी, मी तोंडानं इचारलं पाठवू का, नि मनात म्हनलं, नको पाठवू आई, नको पाठवू. देवीनं तोंडाचं न्हाय आयकलं, मनातलं आयकलं. पोरीचं वाटोळं मी केलं."

त्यांनी सूप एकदा पाखडलं.

"त्येच खात व्हतं त्यांना. दरसाल तुला येऊन इचारायचे ना? का इचारायचे वाटलं तुला?"

म्हातारा विसरतो असं मला वाटलं होतं, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. दहा जत्रा तो माणूस माझ्याजवळ येऊन स्वतःचा गुन्हा कबूल करायची वाट शोधत होता. आणि गुन्हा माझ्या खिशात होता.

"म्हणजे आप्पांनाही नकोच होतं," क्रांती म्हणाली.

"पोर लांब जावी असं वाटतं कुनाला?"

"आणि तुला?"

काकींनी सूप खाली ठेवलं. "मला बी नको व्हतं. सतरा वर्साची पोर."

क्रांती आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. मग ती हसली. ते हसणं मी पुन्हा ऐकू नये असं मला वाटतं. "तुम्हा तिघांना नको होतं," ती म्हणाली. "मला हवं होतं. आणि देवीला कुणी विचारलंच नाही."

मी म्हणालो, "मी सत्काराला येणार नाही. चांगदेवभाऊंना सांगतो. लोकांसमोर सांगायचं असेल तर तेही सांगतो. देवळाचं काम सोडतो."

"लोकांस्नी नको सांगू," काकी घाईनं म्हणाल्या. "ते गेले. आता त्यांच्या मागं गाव बोलंल, बाप मनात येक नि तोंडात येक."

"ते मी कशाला सांगेन? माझं सांगेन."

"काहीच सांगायचं नाही," क्रांती म्हणाली. "सांगून तू मोकळा होशील. लोक म्हणतील, बघा, किती खरा माणूस. दोन दिवस बोलतील, तिसऱ्या दिवशी माफ करतील. तू यायचं. शाल घ्यायची. नारळ घ्यायचा. समजलं?"

"क्रांती, ते मला जमणार नाही."

"मला कुणी विचारलं होतं, जमेल का म्हणून?"

सत्कार फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी झाला, संध्याकाळी पाच वाजता. मातीचं मैदान गेलं, आता निळी-पिवळी मॅट असते. फ्लेक्सवर खरंच दोन सारखे फोटो होते. चांगदेवभाऊंनी माइकवर माझ्याबद्दल वीस मिनिटं सांगितलं. एवढ्याशा गावातून हिरा शोधला, स्वतःच्या पोटाला चिमटा घेतला, देवीची सेवा आणि खेळाची सेवा एकाच हातानं केली. शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी माझा उजवा हात धरून वर उचलला.

शाल क्रांतीनं घातली. गणवेशात होती. शाल खांद्यावर नीट बसवताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. वाकली नाही, हातही मिळवला नाही. लोकांना वाटलं, पोलिसांना गणवेशात वाकता येत नसेल.

मग ती माइकवर गेली. "मला माझ्या आप्पांनी पोहायला शिकवलं," ती म्हणाली. "मी बाहेर शिकायला जावं असं त्यांना वाटत नव्हतं. घाबरले होते. मला तसं सांगायलाही घाबरले. मी नऊ वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाही. आज ते असते तर मी भांडले असते आणि मग बोलले असते." पुढच्या रांगेत काशीकाकींनी पदर तोंडाला लावला. बाया रडत होत्या. कुणाला नेमकं काय ते कळलं नव्हतं, पण मेलेल्या बापाचं बोलणं आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

मी वाट बघत होतो. माझं नाव ती घेईल आणि काहीतरी बोलेल. वाईट बोलेल. मला ते हवं होतं.

"विठोबा गुरव इथं बसले आहेत," ती म्हणाली. "त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते आम्ही घरी विसरणार नाही."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जास्त त्याच वाक्याला. मला उभं राहून हात जोडावे लागले.

त्यानंतर पाहुण्यांची भाषणं होती, तीन. फेब्रुवारीची संध्याकाळ असली तरी मांडवात उकडत होतं. मॅटवर मुली सरावाच्या उड्या मारत होत्या. शाल लोकरीची, जाड, मानेला टोचत होती. घाम पाठीवरून खाली उतरत होता. शेजारच्या पाहुण्यांनी आपली शाल घडी करून मांडीवर ठेवली आणि मला खुणेनं म्हणाले, काढा की. मी हात खांद्यापर्यंत नेला.

क्रांती समोर पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होती. ती माझ्याकडे बघत होती.

मी हात खाली घेतला. तिसरं भाषण चालू होतं.